आठवी सुई

मित्रांनो, पनवेलच्या आमच्या इस्पितळात जिन्याशेजारी एक काचेचं कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर करड्या रंगाची, एका कोपऱ्यात पोचा आलेली पत्र्याची पेटी दिसते. तीच मी. पेटीतून निघालेल्या वायरीच्या टोकाला धातूची एक नळी आहे. कागदोपत्री माझं नाव किरण-मापक. पण इथल्या आयाबायांनी पहिल्याच दिवशी मला 'टकटक्या' म्हटलं आणि मग तेच राहिलं.

मुंबईच्या एका लहानशा कार्यशाळेत १९५८ साली माझा जन्म झाला. माझं काम एकच, ऐकण्याचं. रेडियम नावाच्या धातूतून न दिसणारे किरण निघत असतात. डॉक्टर त्याच्या बारीक सुया रोग्याच्या गाठीत काही दिवस रोवून ठेवतात. योग्य जागी, मोजक्या वेळेपुरती ठेवली तर सुई गाठ जाळते. भलत्या जागी पडून राहिली तर धडधाकट माणसाचं मांस जाळते. ती दिसायला थंडगार असते, तिला वास नसतो आणि तिचा चटका त्या क्षणी कळतही नाही. मला मात्र तिचे किरण ऐकू येतात. एक किरण नळीत शिरला की माझ्या छोट्या कर्ण्यातून 'टक्' असा आवाज निघतो. किरण पुष्कळ असले की कीर्तन रंगात आल्यावर चिपळ्या घाई करतात, तशी माझी गत होते.

चिपळ्यांची उपमा मला कशी सुचली, असं वाटेल तुम्हाला. इस्पितळाच्या समोरच राममंदिर आहे. तुळशीरामबुवांचं कीर्तन तिथे नेहमी चाले आणि खिडकी उघडी असली की सगळं माझ्या खोलीत येई. पूर्वरंग, उत्तररंग, मधली अभंगाची साथ, शेवटची आरती. मी पत्र्याचा असलो तरी ते ऐकून माझं समाधान होई.

माझी मालकीण म्हणजे दमयंतीबाई गुप्ते. त्या किरण-सुरक्षा विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे काय, तर बाई, त्यांचा मदतनीस काशीराम, किरण अडवणारी शिशाच्या विटांची एक भिंत आणि मी. पण मोठ्या डॉक्टरांनाही "मागे सरा" म्हणायचा अधिकार अख्ख्या इस्पितळात फक्त बाईंना होता आणि त्या तो वापरत.

रोज सकाळी बाई माझी नळी एका जुन्या गजराच्या घड्याळाजवळ धरत. त्याचे आकडे अंधारात चमकत, कारण त्यांना रेडियमचा रंग होता. मी टकटकलो की मगच माझं दिवसाचं काम सुरू.

"रोज रोज काय बघायचं, बाई?" काशीराम कंटाळून म्हणे. "गप्प आहे म्हणजे सगळं ठीकच आहे."

"गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असं धरायचं नाही," बाई म्हणत. "बॅटरी उतरली असेल तरी तो गप्पच राहील. आधी तो बोलतोय का ते बघायचं."

हे वाक्य, मित्रांनो, मी शेकडो वेळा ऐकलं. गंमत अशी की एके दिवशी ते खुद्द बाईच विसरल्या.

ती १९६२ सालची रामनवमी होती. वॉर्डात चिरनेरच्या कृष्णाबाई होत्या. मिश्री लावून लावून त्यांच्या गालात गाठ झालेली. गालात आठ सुया रोवल्या होत्या. प्रत्येक सुईचा रेशमी दोरा तोंडाबाहेर काढून चिकटपट्टीने बांधलेला. सुया निघण्याचा दिवस नेमका रामनवमीचाच होता.

त्यांची देखभाल भामाकडे होती. भामा ही ओवे गावची आया. कामाला चोख, बोलायला फटकळ आणि देवाधर्माची भारी ओढ. तिला नियम एका वाक्यात सांगितलेला होता: या खाटेवरचा सगळा कचरा लाल बादलीत टाकायचा आणि बादली टकटक्याला दाखवल्याशिवाय बाहेर न्यायची नाही. भामाने तो कधी मोडला नव्हता. नियम कशासाठी आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर त्याचा कागद होता. तोही इंग्रजीत.

सकाळी नऊ वाजता डॉक्टरांनी सुया काढल्या. बाईंनी ताटलीत मोजल्या. सात! पुन्हा मोजल्या. पुन्हा सातच. आठव्या दोऱ्याचं नुसतं तुटकं टोक गालाच्या पट्टीला लटकत होतं.

बाईंनी त्या सात सुया शिशाच्या भिंतीआड ठेवल्या. त्यांनी मला उचललं. कृष्णाबाईंचा गाल, उशी, गादी, लाल बादली, मोरी, धुण्याची टोपली, सगळीकडे माझी नळी फिरली. रिकाम्या खोलीतही मी अधूनमधून एखादं टक् म्हणतोच, तेवढंच म्हणत राहिलो.

"सुईला पाय फुटत नाहीत," मोठे डॉक्टर कडाडले. "खाटेजवळ सकाळी कोण होतं?"

"भामा," काशीराम म्हणाला. "चांदीसारखी चकाकते ना सुई! भामे, कनवटीला लावलीस काय? काढ गुपचूप."

"ए काशा, तोंड सांभाळ!" भामा उसळली. "मी नाय घेतली. रामाच्या दिवशी चोरी करीन व्हय मी? घे, लाव तुजा टकटक्या माज्या अंगाला!"

नळी तिच्या पदरावरून, कनवटीवरून फिरली. मी शांत होतो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण मी फक्त सुई तिच्याजवळ नाही एवढंच सांगू शकत होतो. तिने ती घेतली नाही, हे सांगायला मला वाचा नव्हती.

"म्हणजे बाहेर पोचवली," मोठे डॉक्टर म्हणाले. "आजपासून कामावर यायचं नाही. आता पोलीसच विचारतील."

भामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग ती गप्प झाली, अगदी गप्प. समोरच्या मंदिरातून बुवांचा आवाज येत होता. दशरथाच्या यज्ञाची कथा चालली होती. बाराला रामजन्म व्हायचा होता.

बाई मला मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. पोलीस येईपर्यंत ती सुई कुणाच्या हाती लागेल, कुणी ती टाचणी समजून पोलक्याला लावेल, हेच त्यांच्या मनात असणार. त्यांचं बोट नकळत माझ्या खटक्यावर गेलं. सकाळच्या घाईत घड्याळाजवळ माझी परीक्षा झाली होती की नाही, हे त्या आठवू लागल्या. झाली होती. मी बोलत होतो; गप्प होती ती भामा. मग त्यांनी मान वर करून भामाकडे पाहिलं आणि एकदम उठून तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"भामा, सुई कुठे, सुई कुठे, एवढंच आम्ही सगळे म्हणत राहिलो. आता सुईचं सोड. पहाटे आल्यापासून तुझ्या हातून काय काय झालं, ते मला सांग. अगदी सगळं."

भामाने नाक पुसलं. "काय सांगू, बाय? आली. देवळात पाया परून आली. कृष्णाबायला कीर्तनाला जायचं व्हतं, रडत व्हती बिचारी. म्हणून रामाच्या पायाची तुळस आणून तिच्या व्हटावर ठेवली. मंग तोंडातली पट्टी बदलली. बाकीच्या पट्ट्या बादलीत टाकल्या. एका पट्टीला ती तुळस चिकटलेली…"

"ती पट्टी कुठे टाकलीस?"

"टाकीन कशी? रामाची तुळस हाय ती. कचरा हाय का? कागदात गुंडाळली नि फाटकाजवळच्या निर्माल्याच्या परडीत ठेवली."

"परडी कुठे आहे?"

"देवळात नेली माळ्यानं. उत्सव झाला की वडाळे तळ्यात सोडतात ना!"

बाई क्षणभरही थांबल्या नाहीत. मला एका खांद्याला अडकवलं, लांब चिमटा घेतला, शिशाची डबी काशीरामकडे दिली. "भामा, पुढे हो. परडी दाखव. पण हात लावायचा नाही!"

आयुष्यात प्रथमच मी देवळात गेलो. बाईंनी चपला बाहेर काढल्या. सभामंडप खच्चून भरलेला होता. पुढे पोरंच पोरं, कारण पाळण्याची दोरी ओढायला सगळ्यांनाच हवी होती. आणि खांबाशी, पोरांच्या अगदी अंगाला लागून, झेंडूने भरलेली परडी! बाईंनी नळी तिकडे वळवली मात्र, मी असा काही कडकडलो की झांजवाल्याचा ठेका चुकला.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. बाई बुवांच्या कानाशी वाकून काही बोलल्या. बुवांनी परडीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. नुसतं "पळा" म्हटलं असतं तर त्या गर्दीत पोरं तुडवली गेली असती. बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि हसून गजर धरला.

"रामकृष्णहरी! मंडळी, आज पाळणा अंगणात, पिंपळाखाली! आधी पुढची बाळगोपाळ मंडळी उजव्या दाराने, मग आयाबहिणी. भजन थांबवायचं नाही!"

आणि काय सांगू तुम्हाला, टाळांच्या तालावर दोनशे माणसं नाचत नाचत बाहेर गेली. एकालाही धक्का लागला नाही. मागे फक्त आम्ही उरलो.

"तीन पावलं मागे," बाई म्हणाल्या. भामा मागे सरली. चिमट्याने एकेक फूल बाजूला झालं, कागद उलगडला. पट्टीत, तुळशीच्या पानाखाली, आठवी सुई चमकत होती. शिशाच्या डबीचं झाकण बसलं तसा माझा आवाजही बसला. बाहेर बाराचे टोले पडले, शंख वाजला, फुलं उधळली गेली.

बाईंनी तिथेच अंतर आणि वेळ यांचा हिशेब केला आणि पोरांना अपाय होण्याचं कारण नाही, असं बुवांना सांगितलं. सुई तळ्यात गेली असती तर मात्र तिला कोण शोधणार होतं? आणि पोहणारी पोरं किती!

कीर्तन संपलं. बुवांनी बाईंना पुढे बोलावलं. त्यांच्या हातात मी होतोच. बाई म्हणाल्या, "मंडळी, आज भामावर चोरीचा आळ आला. चोरी झालीच नव्हती. चूक माझी. मी तिला नियम दिला, त्याचं कारण दिलं नाही. कचरा म्हटलं, निर्माल्याचा विचार केला नाही. आणि तिला विचारायचं सोडून तिची झडती घेतली." मग त्यांनी सगळ्यांना सोप्या शब्दांत सुईची गोष्ट सांगितली. मोठे डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी भामाला हात जोडले.

काशीराम खाली मान घालून आला. "भामाबाय, चुकलं माजं."

"चुकलं तं चुकलं," भामा म्हणाली. "सुंठवडा घे. आन् परत भामे म्हणशील तर टकटक्या डोस्क्यात घालीन!"

दुसऱ्या दिवशी इंग्रजी कागद उतरला आणि मराठी लागला. वाचता न येणाऱ्यांसाठी दर महिन्याला बाई घड्याळाजवळ मला बोलतं करून दाखवत. वॉर्डात निर्माल्याची वेगळी, स्वच्छ परडी आली आणि तीही माझ्यासमोरून गेल्याशिवाय बाहेर जाईना. माझी नळी परडीवर फिरवायचं काम बाईंनी भामालाच दिलं.

आता १९६९ साल चाललं आहे. नवं, हलकं यंत्र आलं. माझी बॅटरी काढून मला इथे ठेवलं. धूळ बसते, कोळी जाळं विणतो. पण परवाच्या रामनवमीला भामा आली. नव्या यंत्राने तपासलेली परडी घेऊन ती नव्या आयांसोबत माझ्याकडे आली. कपाट उघडून पदराने माझी धूळ पुसली आणि माझ्या मुक्या कर्ण्याला कान लावून हसली.

"गप बसलाय बघा," ती नव्या आयांना म्हणाली, "पन याच्यावर भरवसा नाय ठेवायचा हां. ह्याची बॅटरी काढलीय. गप हाय तो बरा हाय, असं नाय धरायचं. मलाबी त्या दिशी कोनी विचारलं नाय, म्हणून मी गप व्हते."

मित्रांनो, माझी तुमच्याकडे जुन्या वस्तूंसाठी मागणी आहेच. अधूनमधून फडकं फिरवा, एवढं पुरे. पण खरं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणी गप्प बसलेलं दिसलं तर त्याच्यावर नळी फिरवू नका. त्याच्यासमोर खाली बसा आणि दमयंतीबाईंनी विचारलं तसं विचारा. अगदी सगळं.