सरळ पाइप

शहागंजातल्या वहाब मिस्त्रींच्या भिंतीला ओळंबा लावून बघणं म्हणजे त्यांचा अपमान. चाळीस वर्षांत आपली एकही भिंत कुणी फोडली नाही, हे ते न विचारताही सांगत. पाचोड रस्त्याला न्यूट्रॉनच्या झोताचं केंद्र उभं राहत होतं. भौतिकशास्त्राचे प्रयोग तिथं होणार होते आणि विमानांच्या चिपा त्या माऱ्यात टिकतात का, तेही तपासणार होते. यंत्राची खोली आणि कंट्रोलरूम यांच्यामधली पाच फूट जाडीची भिंत मिस्त्रींकडे आली. नात सगीरा तिथंच ऑपरेटर म्हणून लागलेली, त्यामुळे त्यांची छाती आधीच फुगली होती.

नकाशात तारांचा पाइप भिंतीच्या पोटात दोनदा वळत होता. मिस्त्रींना वाटलं, नकाशावाल्यानं माती खाल्ली; अशा पाइपातून तार ओढायची कशी? इंजिनियर बद्रीनाथ पाहणी करून, सही ठोकून गेले आणि काँक्रीट पडायच्या आधी मिस्त्रींनी पाइप सरळसोट बसवला. चांगल्या कामाला कसली परवानगी?

भिंत सुरेख उतरली. आठवड्यानं डबा खाताना सगीरा मजुरांना सांगत होती, "न्यूट्रॉन नाकासमोर चालतो. म्हणून पाइपला मोड दिलेत. मोडावर तो काँक्रीटात घुसतो अन् तिथंच मरतो. नायतर थेट आमच्या अंगावर." पाइप बसवताना धरायला होता तो मजूर सांडू मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिला.

मिस्त्रींनी हातातला घास डब्यात ठेवला. भिंत मंजूर झालेली. गप्प बसलं तर नाव शाबूत. बोललं तर चाळीस वर्षं मातीत. जेवण झाल्यावर ते यंत्राच्या खोलीत गेले, काँक्रीट आत शिरू नये म्हणून पाइपात कोंबलेले बोळे सळईनं ढकलले आणि डोळा लावला. पलीकडे सगीरा आपल्या नव्या खुर्चीवर बसली होती. पाइप बरोबर तिच्या छातीवर रोखलेला. मिस्त्री असे घाबरले, की नावाचं भानही उरलं नाही.

त्यांनी बद्रीनाथांना बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, "साहेब, तुमची पाहणी बराबर व्हती. पाइप मागून मी सरळ केला. भिंत फोडावी लागंल."

बद्रीनाथांनी डोक्याला हात लावला. मिस्त्रींनी सांडूकडून घण घेतला. पहिला घाव ते दुसऱ्या कुणाला घालू देणार नव्हते. घण उचलला आणि पुन्हा खाली ठेवून ते पाइपाशी वाकले.

"सगीरा, उठ वहाँ से!"

"दादा, मशीन तो अबी आईच नै," ती पलीकडून हसली.

"मालूम है. तू उठ पैले."