बंद दाराआडचा खेळ

मार्गशीर्षातली संध्याकाळ कुकडीच्या पाण्यावर धुकं होऊन उठते, बांधाबांधावरून सरपटत येते आणि उसाच्या रानात शिरून काळी होते. आधी तांबूस, मग जांभळी, मग राखेच्या रंगाची, आणि शेवटी नुसतीच गार.

उसाला तुरे आले होते. रुपेरी, रेशमी, वारा-वेडे तुरे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, चांदण्याचं शेत पिकलं आहे. पण त्या तुऱ्यांखालच्या धारदार हिरव्या अंधारात काय निजलं आहे, ते कुणालाच दिसत नव्हतं.

त्या उसाच्या पोटात ठकूबाईचं घर. एक खोली, एक चूल, एक दार. तोडणीची टोळी अजून आली नव्हती. ऊस उभा होता, आणि ऊस उभा होता तोवर भीतीही उभी होती.

दिवाळी सरता सरता, ऐन दिवेलागणीला, अंगणातून ठिपक्या गेला. ठिपक्या म्हणजे भुरी कुत्रीचं धाकटं पिल्लू. अंगाने भरलेलं, जिवाने लेकरूच. एक अर्धी किंकाळी, पाचटावरून काहीतरी ओढत गेल्याची सरसर, आणि मग अशी शांतता की चुलीतली राखसुद्धा ऐकू यावी. अंगणात त्याच्या गळ्यातली लाल दोरी तेवढी उरली, तुटलेली, ओली. ठकूबाईने ती उचलली आणि उतरंडीच्या वरच्या मडक्यात झाकून ठेवली. भुरीच्या नाकाला ती लागू नये म्हणून.

वस्तीवर बिबट्याला बिबट्या कुणी म्हणत नाही. जनावर म्हणतात. ठकूबाईने तेही म्हणणं सोडलं.

तेव्हापासून दिवस कलला की भुरी आणि घरचा दुसरा कुत्रा बुरख्या, दोघंही आत. दाराला कडी. पण ज्यांनी जन्मभर दव अंगावर झेललं, चांदण्यात ज्यांनी राखण केली, त्यांना छप्पर कसं मानवावं? बुरख्या दाराला नखं मारी. भुरी उंबऱ्याच्या फटीला नाक लावून बसे आणि गार वाऱ्यात आपलं लेकरू शोधे. मग तिच्या घशातून एक सूर निघे. सुतासारखा बारीक, सुतासारखा लांब. तो फटीतून अंगणात जाई, अंगणातून उसात जाई. तो सूर ऐकणारे कान बाहेर होते.

म्हणून तिने खेळ मांडला. भाकरीचे तुकडे ती जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधायची. एक गाठ गोणपाटाच्या घडीत, एक पाटीखाली, एक जात्याच्या आड. मग चुलीपाशी बसून मांडीवर थाप मारायची आणि हलक्या, हसऱ्या, लपंडावाच्या आवाजात म्हणायची, "हुडक!"

आणि नाकं जमिनीला लागत. शेपट्या हलत. घरभर हुंगण्याचा फुसफुसाट चाले. तेवढा वेळ दार विसरलं जाई, ऊस विसरला जाई, तो सूर विसरला जाई.

तिचा नवरा भिवा शेकत शेकत हसे. "पोरं वाढवली तवा येवढी लाडात आली न्हवतीस."

"पोरं दाराला नखं मारत न्हवती," ती म्हणे. "आन आयतं काय बसलाय? त्ये फडकं धरा की. बुरख्या वढतोय तर वढू द्या, तुमच्यापरीस त्योच दमाचा हाय."

मग म्हातारा फडक्याचं एक टोक धरी, बुरख्या दुसरं. असं ओढत, हुडकत, हुंगत, ती दोघं माणसं आणि ती दोन जनावरं एकेक संध्याकाळ पलीकडे ढकलत होती.

आणि चंपाषष्ठी आली.

देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक भंडाऱ्याने पिवळाधमक झाला. चुलीत वांगी भाजली, रोडगे फुगले. ताट भरलं. आणि ताट हातात घेऊन ठकूबाई दारापाशी थबकली. या घराची रीत होती, तिच्या सासूने घालून दिलेली. खंडोबाच्या नैवेद्याचा पहिला घास कुत्र्याचा, आणि तो अंगणात, उघड्या आभाळाखाली.

"आज आतच वाढ," भिवा म्हणाला. "देवाला कळतंय."

"देवाला कळतंय वं. पर रीत मोडली, आन ही दोगं बी गेली, तर म्या कुणाला बोल लावू?"

एका भीतीने दुसऱ्या भीतीचा हात धरला, आणि दोघींनी मिळून कडी काढली.

उजेड होता म्हणावा तर होता. आभाळाच्या काठावर केशराची एक रेघ, आणि तिच्याखाली सगळंच निळं. ठकूबाईने अंगणात ताट ठेवलं, भोवती भंडारा उधळला. सोन्याचा धूर उठला आणि हलकेच भुईवर बसला. बुरख्या ताटावर तुटून पडला.

भुरीने ताटाला तोंड लावलं नाही.

ती उसाकडे वळली होती. मानेवरचे केस ताठ, शेपटी खाली, एक पाय अधांतरी. वारा पडला होता. सगळे तुरे स्तब्ध होते. एकच तुरा हलत होता.

भिवाने दारातून बॅटरी मारली. उसाच्या बुडाशी दोन हिरवे निखारे पेटले, आणि विझले नाहीत.

भुरीच्या घशात गुरगुर पेटली. ती एक पाऊल पुढे गेली. आणखी एक. ठकूबाईचं ओरडणं ओठापर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. राखणीच्या कुत्र्याला धनिणीची आरोळी म्हणजे धावून जाण्याचा हुकूम.

ती पाठ न फिरवता मागे सरली. उंबरा ओलांडला. चुलीपाशी, रोजच्या जागी बसली. मांडीवर थाप मारली, आणि सगळं अंग बर्फ झालं असताना आवाज तेवढा हसरा ठेवला. "हुडक!"

बुरख्या ताट टाकून आत आला.

"हुडक, भुरे!"

भुरीचा एक कान मागे वळला. पाय वळले नाहीत.

तेव्हा ठकूबाई उठली. उतरंडीवरचं मडकं उतरवलं. ती लाल दोरी बाहेर काढली, उंबऱ्यावर उभी राहून हवेत झटकली आणि आत गोणपाटात फेकली. "हुडक गं माय... हुडक."

भुरीचं नाक उचललं गेलं. निखाऱ्यांवरची नजर ढळली. आणि ती आली. वाऱ्यासारखी, आईसारखी, उंबऱ्यावरून उडी घेत आली. भिवाने दार लोटलं, कडी घातली, आणि पाठ लावून तो दारालाच बसला.

बाहेर ताट खणखणलं. मग काहीच नाही.

भुरी गोणपाट हुंगत होती. घडी उलटली, दुसरी उलटली. दोरी सापडली तेव्हा तिने सूर काढला नाही. दोरीवर हनुवटी ठेवली, आणि डोळे मिटले. ठकूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली कोण कापत होतं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

सकाळी अंगणात ताट पालथं पडलं होतं. भंडाऱ्यात एक पंजा उमटला होता. गोल, बिननखांचा, पिवळाधमक. त्याच्यावर दव पडलं होतं. आणि पलीकडे, रुपेरी तुऱ्यांखाली, ऊस उभा होता. ऊस अजून उभाच होता.