आजोबांच्या शिळेवरून स्वारी

उंबू रिही शर्यतीच्या मैदानावर घोड्यावरून पडले, असं सुंबा बेटावर, वायंगापू शहरात अजूनही सांगतात. ते खोटं आहे. पडायचं तर आधी वर बसावं लागतं, आणि ते बसलेच नव्हते.

झालं होतं ते असं. पाहुण्यांच्या मांडवासमोर त्यांनी सवयीप्रमाणे घोड्याची आयाळ धरली आणि उडी मारली. रिकिबीत पाय अडकवून चढणं हे पर्यटकांचं काम. सुंबाचा उंबू, म्हणजे खानदानी पुरुष, जमिनीवरून एका उडीत बसतो. पण एकाहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी अर्ध्यातच साथ सोडली. उंबू रिही घोड्याच्या पाठीवर पोटावर आडवे झाले, पाय एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. घोड्याला वाटलं, मालक बसले. तो चालू लागला. साऱ्या मानकऱ्यांसमोरून ते तांदळाच्या पोत्यासारखे लोंबकळत गेले. पहिल्या रांगेत त्यांचे चुलतभाऊ उंबू हुंगा बसले होते. ते हसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी उठून, डोक्याचं फडकं नीट करून, मिरवणुकीला लववावी तशी आदबीनं मान लववली. ते उंबू रिहींना फार लागलं.

उंबू रिही तालुक्याचे माजी अधिकारी. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी गावात कुणाची शेळी हरवली की ते आधी घसा साफ करत आणि मग मत देत. अशा माणसाचं गावात हसं होणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. आठवडाभर ते प्राइमारा गावातल्या आपल्या घराबाहेर पडले नाहीत.

मग शहरातून मुलगा दोमू आला. येताना गाडीवर व्यायामाची सायकल बांधून घेऊन आला.

"बाबा, घोडं आता पुरे झालं. व्यायामच हवा ना? ही घ्या. घरातल्या घरात चालवा."

उंबू रिहींनी सायकलीभोवती एक फेरी मारली. "ही जाते कुठं?"

"कुठंच जात नाही. तोच तर फायदा आहे."

"कुठंच न जाता पाय हलवायचे," ते म्हणाले. "हे मी सरकारी नोकरीत तीस वर्षं केलं. आता नको."

दोमू त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं गुडघे दाबून पाहिले, पाठ ठोकली आणि सांगितलं, "घोड्यावर बसणं या वयात फार चांगलं. पाठ ताठ राहते, तोल सांभाळला जातो, मांड्यांना काम मिळतं. खुशाल बसा. फक्त चढू नका आणि उतरू नका."

घरी आल्यावर सायकल रांबू कोंगांनी ताब्यात घेतली. त्या उंबू रिहींच्या पत्नी, आणि गावात निळीत सूत रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सायकलीच्या दांड्यावर ओल्या सुताच्या लडी छान वाळत. सायकल आली हे बरंच झालं, असं त्या दोमूला मनापासून म्हणाल्या.

चढायची वाट उंबू रिहींना घोड्यानंच दाखवली. एका पहाटे तो अंगणात आजोबांच्या थडग्याला लागून चरत होता; इथं पूर्वजांची थडगी घरापुढेच असतात. चार दगडी खांबांवर कमरेइतकी उंच शिळा, आणि तिच्या पायथ्याशी पान-सुपारी ठेवायचा छोटा चौकोनी दगड. उंबू रिहींनी छोट्या दगडाकडे पाहिलं, शिळेकडे पाहिलं, घोड्याच्या पाठीकडे पाहिलं. एक पायरी, दुसरी पायरी आणि मग नुसती टांग टाकायची. इकडेतिकडे कुणी नव्हतं. त्यांनी आजोबांपुढे पान-सुपारी ठेवली, पुटपुटत माफी मागितली आणि आजोबांच्या बरोबर छातीवर उभं राहून ते घोड्यावर बसले.

बसल्यावर गुडघे आहेत की नाहीत याचा त्यांना विसर पडला. टेकडी उतरून, गवताळ माळ ओलांडून ते नदीपर्यंत गेले. परत येताना घोडा दौडवलासुद्धा. शिळेवर उतरले तेव्हा आपलं वय कुणीतरी चुकीचं सांगत होतं, असं त्यांना वाटत होतं.

रांबू कोंगा दारात उभ्या होत्या. "लग्न होऊन आल्यापासून मी बघते आहे, त्या म्हाताऱ्याला तुम्ही आपल्या हातानं कधी सुपारीचं खांड ठेवलं नाहीत. आज काय झालं?"

"आठवण आली."

"पहाटे? घोड्यासकट?"

"तेही घोडेस्वार होते," उंबू रिही म्हणाले आणि घाईनं आत गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण ते रोज पहाटे पान-सुपारी घेऊन थडग्याशी जात, काहीतरी पुटपुटत आणि घोड्यावरून परत येत तेव्हा चेहरा उजळलेला असे. लोकांनी हे लांबून पाहिलं. पंधरवड्यात गावभर झालं की उंबू रिहींशी त्यांचे आजोबा बोलतात. विहिरीवर बायका त्यांना वाट सोडू लागल्या. एके दिवशी एक शेजारी कुंपणाच्या भांडणाचं विचारायला आला. "आजोबा काय म्हणतात तेवढं सांगा."

इथं खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांना सल्ला दिला आणि दहा वर्षं ज्याचा सल्ला कुणी ऐकला नाही, त्या माणसापुढे ही थाळी आयती वाढून आली होती. उंबू रिहींनी घसा साफ केला. "आजोबा म्हणतात, कुंपण दोन हात मागं घ्या."

शेजाऱ्यानं त्याच दिवशी घेतलं. मग आजोबांनी मोकाट डुकरं बांधायला लावली, पाणवठ्यावर मोटरसायकली धुणं बंद केलं आणि शाळेच्या छपराचं काम मार्गी लावलं. अधिकारी असताना उंबू रिहींनी डुकरांविषयी तीन हुकूम काढले होते. डुकरांनी एकही मानला नव्हता.

उंबू हुंगांना हे सहन होईना. त्यांनीही आपल्या आजोबांच्या थडग्याशी बसायला सुरुवात केली आणि आपले आजोबा जास्त वेळ बोलतात असं सगळ्यांना कळवलं.

तेव्हा गावानं रातो वुलांगना बोलावलं. पूर्वजांचं म्हणणं खरोखर ओळखणारे तेच एक पुरोहित. वय ऐंशीच्या पुढं, बोलणं थोडं. अंगणात चटया पसरल्या, सगळं गाव जमलं. रातोंनी कोंबडी कापवली, तिची आतडी बराच वेळ न्याहाळली आणि सांगितलं, "आजोबा जागे आहेत. त्यांना घोडा हवा आहे."

माणसांनी माना डोलावल्या. पूर्वजाला घोडा देणं नवं नव्हतं. शिळेपुढे कापायचा, की तो वर पोचतो. आणि कुठला घोडा, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. दोघं जण दोर आणायला उठले.

उंबू रिहींनी घोड्याकडे पाहिलं. तो कोंबडीच्या पिसांचा वास घेत होता. आता आजोबांच्या नावानं अजून एक निरोप सांगावा, असं क्षणभर मनात आलं. पण रातोंसमोर ते धाडस होईना.

"थांबा," ते म्हणाले. "आजोबा माझ्याशी बोलत नाहीत."

"मग रोज पहाटे तिथं काय करता?" रातोंनी विचारलं.

"त्यांच्यावर उभा राहतो."

दोर आणायला निघालेले दोघं मागं वळले.

"गुडघे गेले," उंबू रिही म्हणाले. आवाज अधिकाऱ्याचा राहिला नव्हता. "जमिनीवरून चढता येत नाही. शिळेवरून येतं. वर बसलो की मी पूर्वीसारखा असतो. एवढंच आहे ते. डुकरांचं मीच सांगत होतो."

उंबू हुंगांना मोठ्यानं हसायची ही आयुष्यातली सर्वांत चांगली संधी होती. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "हसू नका. तुम्ही पाण्याच्या टाकीवरून चढता. थडग्यावरून जमलं नाही म्हणून. तुमच्या आजोबांची शिळा घोड्यापेक्षा उंच आहे."

उंबू हुंगांनी तोंड मिटलं.

सगळे रातोंकडे पाहू लागले. रातो उठले. काठी टेकत थडग्याशी गेले, शिळेवरून हात फिरवला, छोट्या दगडावर पाय ठेवून पाहिला. मग दुसरा पाय.

"घसरत नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"पावसात जरा घसरते."

रातो परत येऊन बसले. पुन्हा आतड्यांकडे पाहिलं. "घोडा मागितलाय हे खरं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण कापायला मागितलाय असं कुठं आहे? भेटायला मागितला असेल. रोज भेटतोच आहे. दोर ठेवून द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे उंबू रिही पान-सुपारी घेऊन बाहेर आले, तर रातो वुलांग स्वतःचा घोडा धरून उभे होते. मागं उंबू हुंगा, त्यांच्या मागं आणखी दोन म्हातारे. रांबू कोंगांनी पुढच्या पावसासाठी शिळेवर काथ्याची चटई बांधून दिली. वर जायचा मान आधी कुणाचा यावरून रोज वाद होई: घराणं, वय की नातं. तो मिटेपर्यंत ऊन वर येई. मग पाचही जण नदीपर्यंत जात, आणि येताना कोण पुढं यावरून नव्यानं भांडत.

भाताची कापणी झाल्यावर उंबू हुंगांच्या नातवासाठी मुलगी मागायला पलीकडच्या खोऱ्यात जायचं ठरलं. पाचही म्हातारे ऐटीत निघाले. तिथं पोचल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आलं की त्या गावात थडगी गावाबाहेर आहेत आणि अंगणात उंच असं काहीच नाही. एकदा उतरलं की परत चढायची सोय नव्हती. यजमानांनी चटया पसरल्या, पान-सुपारीची टोपली मांडली आणि वाट पाहिली. पाहुणे घोड्यांवरच बसून राहिले.

"उतरा की," मुलीचे वडील म्हणाले.

पाचही जणांनी आधी जमिनीकडे, मग एकमेकांकडे पाहिलं. शेवटी उंबू रिहींनी घसा साफ केला. "आमच्याकडे बोलणी वरूनच करतात."

टोपली वर दिली गेली. कॉफीचे पेले वर दिले गेले. माना वर करून करून यजमानांच्या माना दुखू लागल्या, आणि खालून घासाघीस करताना त्यांना आपण फारच लहान आहोत असं वाटू लागलं. ज्या बोलण्यांना दोन दिवस लागतात ती दुपारच्या आत उरकली. घाई उंबू हुंगांनी केली. कॉफी तीन पेले झाली होती आणि त्यांना उतरणं शक्य नव्हतं.

निरोप देताना मुलीच्या वडिलांचे डोळे पाणावले. "अशा जुन्या रीती आता राहिल्या नाहीत हो," ते म्हणाले. "आमच्याकडे सगळं बुडालं."

"जपावं लागतं," उंबू रिही गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी घोडा वळवला. उंबू हुंगा तोवर बरेच पुढं निघून गेले होते.