सिस्टरचा स्विंग

"आई, खांदा! खांदा अजून मागे ने!" मुलगा ओरडला. त्याच क्षणी सिस्टरच्या गोल्फच्या काठीने चेंडू सोडून मागचं गवत सोललं. चेंडू जागचा हलला नाही.

"खांदा संपला माझा," सिस्टर म्हणाल्या. "आता आणखी मागे न्यायचा तर खोलूनच न्यावा लागेल."

शेजारी सराव करणारी मुलगी फिस्सकन हसली. मुलाला हसू आलं नाही. त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर त्याचे बाबा होते, आजारपणाच्या आधीचे. उंच, सडपातळ, लांबलचक हातांचे. काठी संथपणे डोक्यामागे जायची, तिथे क्षणभर विसावायची आणि मग सगळं अंग पंख्यासारखं उलगडायचं. त्या चित्रावर मुलाने लाल रेघा मारल्या होत्या. तशाच रेघा त्याने सिस्टरच्या चित्रावरही मारल्या होत्या. बाबा रेघांवर नेमके बसत होते, सिस्टर कुठेच बसत नव्हत्या.

"बाबांचा स्विंग म्हणजे पुस्तकातला स्विंग," मुलगा म्हणाला.

"मग पुस्तकालाच खेळायला पाठव."

नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवराही म्हणायचा. तो गेल्यावर त्याच्या चौकडीतली जागा रिकामी झाली होती, आणि ती सिस्टरना हवी होती. दर रविवारी तो तिथे काय करायचा, एवढं हसत घरी का यायचा, हे त्यांना वॉर्डातल्या ड्यूटीमुळे कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

चौकडीचे म्होरके वकील होते. माणूस वाईट नव्हता, पण खेळाच्या बाबतीत कोर्टापेक्षा कडक.

"वहिनी, स्पष्ट बोलतो," ते म्हणाले होते. "पाचव्या होलला तळं आहे. या रविवारी चेंडू तळ्यापार गेला तर जागा तुमची. नाहीतर माझा मेहुणा केव्हाचा मागे लागलाय. तुम्ही आमच्याबरोबर चालायला या की! हवा छान असते."

"हवा माझ्या गॅलरीतही छान असते, भाऊजी," सिस्टर म्हणाल्या होत्या.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्या नवऱ्याच्या पलंगापाशी उभ्या राहिल्या. गादी पायथ्याकडे घसरली होती. ती वर ओढायला त्यांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले, गादीची कड मुठीत पोटाजवळ धरली आणि सवयीने म्हणाल्या, "एक, दोन..." गादी एका झटक्यात उशाशी जाऊन आदळली.

सिस्टर तशाच थांबल्या. मग त्यांनी गादी मुद्दाम खाली ओढली आणि पुन्हा वर सरकवली. या वेळी स्वतःच्या पायांकडे बघत.

वॉर्डात हे काम त्यांनी जन्मभर केलं होतं. रुग्ण पलंगावर खाली घसरला की दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, त्याच्या अंगाखालची चादर मुठीत धरायची आणि मोजून वर सरकवायचं. नवीन मुली हातांनी ओढायच्या आणि महिन्याभरात कंबर धरून बसायच्या. सिस्टर त्यांना सांगायच्या, "हात नुसते हुक समजा गं. वजन उजव्या पायावर घ्या आणि डाव्यावर टाका. माणूस आपोआप जातो." आपल्यापेक्षा दुप्पट वजनाची माणसं त्यांनी अशी सरकवली होती. नवऱ्याचा वेग त्याच्या लांब हातांत होता. त्यांचा मांड्यांत होता. हात मागे नेण्याची गरजच काय होती?

दुसऱ्या दिवशी मुलाला न सांगता त्या मैदानावर गेल्या. काठी जेमतेम कमरेपर्यंत मागे नेली, कोपरं पोटाला चिकटवली. उजवा पाय, डावा पाय. चेंडू जमिनीलगत, सरळ, ठोसा मारल्यासारखा गेला. फार लांब नाही, पण गेला. पुढचाही तसाच गेला.

एकच अडचण होती. काठ्या नवऱ्याच्या मापाच्या होत्या, कोपर पोटाला लावलं की मूठ बरगडीत रुतायची. सिस्टर बॅग उचलून काठ्या दुरुस्त करणाऱ्याकडे गेल्या.

"कापायच्या?" त्याने विचारलं. "काठीचं डोकं हलकं वाटेल थोडं. आणि एकदा कापलं की परत जोडता येत नाही, बरं का."

"ठाऊक आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलंय मी. काप."

जुन्या ग्रिपवर नवऱ्याच्या अंगठ्याची खोलगट जागा पडली होती. त्यांनी एकदा त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. ती त्यांना मोठी होत होती.

मुलाने बॅग पाहिली तेव्हा त्याचा आवाजच चढला. "बाबांच्या काठ्या कापल्यास? मला विचारायचं तरी!"

"बाबांच्या पँटी तुझ्या मापाच्या करून दिल्या, तेव्हा नाही रडलास."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? तुला घालायच्या होत्या, मला खेळायचंय." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्याचा स्विंग मोबाइलमध्ये आहे, बाळा. तिथे तो नीट आहे. माझ्या अंगात कशाला शोधतोस?"

 रविवारी सकाळी गाडी मात्र मुलानेच काढली.

पाचव्या होलवर तळं वाऱ्याने थरथरत होतं. वकिलांचे आणि बाकीच्या दोघांचे चेंडू ऐटीत पार गेले. सिस्टर पुढे झाल्या, पाय फाकवले, गुडघे वाकवले.

"एक," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"वहिनी, शांतता पाळतात इथे," वकील कुजबुजले.

"तुम्ही पाळा. मी मोजल्याशिवाय उचलत नाही." पुन्हा काठी टेकवली. "एक, दोन."

मग एक लहानसा थांबा, आणि ठोसा. चेंडू पाण्याला लगटून गेला, पलीकडच्या काठाला आपटला आणि टुणकन उडून गवतात जाऊन बसला.

"गेला!" मुलगा ओरडला.

"हा कसला स्विंग?" वकील म्हणाले. "काठी वर गेलीच नाही."

"चेंडू गेला ना? शब्द तुमचा होता."

वकिलांनी तळ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "गेला," ते म्हणाले. "मेहुण्याला सांगतो तसं."

पूल ओलांडताना त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, तीन का म्हणत नाही?"

"ते माझं नव्हतं." सिस्टर चालत राहिल्या. "शेवटी घरी मी एकटीच सरकवायचे त्याला. दुसऱ्या बाजूचा जोर टाचा रेटून त्यानेच लावायचा. मग मी एक, दोन म्हणायचे. तीन तो म्हणायचा, दम जमला की."



ज्याचा चेंडू होलपासून सर्वांत लांब, त्याने आधी मारायचं, असा खेळाचा नियम. सिस्टरचा चेंडू सर्वांत मागे होता. त्यामुळे तिघांनाही थांबावं लागलं. त्या चेंडूपाशी उभ्या राहिल्या, आखूड काठी टेकवली, कोपरं पोटाशी घेतली.

"एक, दोन."

पलीकडे तिघेही श्वास रोखून, किंचित वाकून उभे होते, चादरीची दुसरी कड हातात असल्यासारखे.