स्वतःचे यंत्र आणावे

आशालता परबला राग येतो, हे वसईतल्या त्या कचेरीत कुणाला ठाऊकच नव्हतं. एकतीस वर्षं नोकरी केली बाईनं, आणि ओळख काय, तर 'आपल्या गरीब आशाताई'. गरीब म्हणजे स्वभावानं. कुणीही यावं, टपली मारून जावं. खात्याचं नाव मी सांगणार नाही. सगळी सरकारी खाती एकाच माळेचे मणी, नाव सांगून काय मोठा उजेड पडणार आहे.

एके काळी हीच बाई तिथली पहिल्या नंबरची टंकलेखक होती. मराठी टायपरायटरवर मिनिटाला पंचेचाळीस शब्द, तेसुद्धा खाली न बघता. शेजारी विनिता, ती चाळीसची. साहेब बोलायचे आणि यांच्या हातातून पत्र बाहेर पडायचं. मग अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर आला. तो शिकायला पुण्याला पाच दिवस कुणाला पाठवायचं? टायपिंग करणाऱ्या बायका घरदार सोडून कशा जाणार, हे साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. बायकांना विचारायची तसदी कोण घेतो. पाठवलं दिनानाथला. दिनानाथ वर्तक, रेकॉर्डच्या खोलीतला कारकून, जो एका बोटानं टाइप करायचा.

पाच दिवसांनी तो परत आला तो पंडित होऊन. आशालता आणि विनिता कॉम्प्युटरपुढे बसल्या, आणि बोट जायचं 'क'वर अन् पडद्यावर उमटायचं भलतंच. सगळी अक्षरं जागा सोडून पळालेली. स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला. दिनानाथ मान हलवून म्हणाला, "कॉम्प्युटरची पद्धतच अशी असते, आशाताई. टायपरायटरचं विसरा आता."

वीस वर्षं बोटांत मुरलेलं विसरायचं म्हणजे काय, हे त्यालाच विचारायला हवं होतं. पण विचारणार कोण? बोटं ऐकेनात. नव्या साहेबांनी शेरा मारला की या बाईंना संगणक जमत नाही, जव्हारला पाठवा. तेव्हा दिनानाथनेच मध्ये पडून बदली थांबवली आणि तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. आलेल्या पत्रांवर शिक्का, गेलेल्या पत्रांवर शिक्का. त्या उपकारापोटी आशालतानं त्याला राखी बांधली. तेव्हापासून दर वर्षी ती होळी गावात त्याच्या वाडीवर जाऊन राखी बांधत आली, आणि येताना त्यानं दिलेली केळी आणि अळूची पानं घेऊन 'देवमाणूस हो' म्हणत आली.

आता दोन हजार नऊ साल. खात्यात संगणकावरच्या मराठी टंकलेखनाची परीक्षा असते. तीन संधी. पास झालात तर टंकलेखकाची खुर्ची परत, नाही तर सेवापुस्तकात कायमचं 'अपात्र'. आशालता दोनदा नापास झाली होती, विनिताही. तिसरी आणि शेवटची संधी पंधरा दिवसांवर आली होती. आशालताला बढती नको होती. सेवापुस्तकात तो एक शब्द घेऊन घरी जायचं नव्हतं, एवढंच.

तिची मुलगी सुरुची अंधेरीला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवायला होती. तिनं वर्षभरापूर्वी एक चिमुकला लॅपटॉप घेतला होता. नऊ इंची पडदा, सगळ्यात स्वस्त, आत लिनक्स. बिल्डिंगमधल्या पोरांनी हसून घेतलं, 'विंडोज नाही तर चाटायचाय का तो?' स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, आणा इकडे, विंडोजची कॉपी टाकून देतो. सुरुची म्हणाली, "आत जागा एवढीशी. तुमचं विंडोज शिरलं तर माझ्या फायलींना बाहेर झोपावं लागेल. राहू दे." पुढे तिला ऑफिसकडून मोठा लॅपटॉप मिळाला, आणि धाकटा आईकडे आला, परीक्षेच्या सरावाला. बटणं बारीक म्हणून सुरुचीनं त्याला बाहेरून एक नेहमीचा कीबोर्ड जोडून दिला. लॅपटॉपपेक्षा कीबोर्डच लांब दिसायचा.

शनिवारी दुपारी आशालता सरावाला बसली आणि दहा मिनिटांत वैतागली. "ही अक्षरं कुणी मेल्यानं अशी मांडली?"

"मग बदल ना," सुरुची कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "तुला टायपरायटरसारखी हवीत का? यादीत असेल."

"कसली यादी?"

सुरुचीनं येऊन काहीतरी उघडलं. मराठीच्या दोन पद्धती, हिंदीच्या चार, आणि त्यांत एक चक्क टायपरायटरची. तिनं त्यावर खूण केली. "बघ आता."

आशालतानं बोटं ठेवली. डाव्या मधल्या बोटाखाली क, उजव्या मधल्या बोटाखाली काना. टायपिंगच्या वर्गात पहिल्या आठवड्यात गिरवून घेतात तो शब्द तिनं टाइप केला. सरकार. पडद्यावर सरकार उमटलं. तिनं परत टाइप केलं. सरकार सरकार सरकार. बोटं धावायला लागली तशी तिला रडूच आलं.

पद्धत हिंदीची, त्यामुळे 'ळ' आणि आणखी चार-पाच अक्षरं चुकीच्या जागी होती. सुरुचीनं एक साधी मजकुराची फाईल उघडली. कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, ते ओळीनं लिहिलेलं. "चुकलंय ते सांग, मी बदलते."

"असं बदलता येतं?"

"लिनक्स आहे, आई. सगळं उघडंच असतं."

आशालतानं डोळे मिटले आणि टेबलावर बोटं वाजवत, कुठलं अक्षर कुठल्या बोटाखाली होतं, ते एकेक आठवून सांगितलं. तासाभरात तिचा टायपरायटर त्या डबीत येऊन बसला. ती चहा ठेवायला उठली, आणि उठता उठता सहज विचारलं, "आमच्या ऑफिसातल्या त्या मराठीच्या प्रोग्राममध्ये अशी यादी नसेल ना?"

"असणारच. टायपरायटरवालेच तर त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. तीन पद्धती असतात, हवी तिच्यावर टिक करायची."

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून. का गं?"

चहा राहिला. आशालता ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं. एक टिक. अकरा वर्षं ती शिक्के मारत बसली, नवी पोरंटोरं तिला 'काकू, तुम्हाला नाही जमणार' म्हणाली, दोनदा नापास होऊन ती घरी जाताना भुईगावच्या रिक्षात तोंडाला पदर लावून रडली, एका टिकसाठी. आणि वर ती त्याला राखी बांधत होती. त्याच्यापेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त आला. इतकी कशी बावळट मी, ती मोठ्यानं म्हणाली.

रविवारी सकाळीच ती लॅपटॉप पिशवीत घालून होळी गावात गेली. दिनानाथ वाडीत बसून केळीची पानं कापून गठ्ठे बांधत होता. त्याच्या बायकोनं आतून विचारलं, "ताई, पानी देऊ का?" आशालता नको म्हणाली. तिनं पाटावर लॅपटॉप ठेवला, कीबोर्ड जोडला, चार ओळी सरसर टाइप केल्या आणि पडदा त्याच्याकडे फिरवला.

"हे आपल्या ऑफिसच्या मशीनवर होतं का, दिनाभाऊ? पहिल्या दिवसापासून?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या पानाकडे. खोटं बोलेल असं तिला वाटलं होतं. तो बोलला नाही खोटं.

"होतं," तो म्हणाला. "पुण्यात दाखवलं होतं."

"मग?"

"मग काय? तुम्ही दोघी मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस. ती एक गोष्ट सांगितली असती, तर दुसऱ्या दिवशी मशीन तुमच्यापुढे गेलं असतं आणि मी परत रेकॉर्डच्या खोलीत झुरळं मारायला. दहा वर्षं काढली होती मी त्या खोलीत." गठ्ठ्याची गाठ आवळत तो म्हणाला, "आणि तुमचं असं काय वाईट झालं? पगार चालू राहिला. जव्हारला जाऊ दिलं का तुम्हाला?"

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात तो हाच. घर पेटवायचं आणि वर बादलीभर पाणी आणून दिल्याचं श्रेय घ्यायचं.

"माझे हात होते ते," आशालता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण बायको आतून दारात आली. "तुम्ही माझे हात अकरा वर्षं बांधून ठेवलेत, आणि मी तुमच्या हाताला राखी बांधत होते. लाज नाही वाटली एकदाही? परीक्षेच्या मशीनवर ती टिक करा. विनितासाठीही."

"ते होणार नाही. आता केलं तर साहेब विचारतील, आधी का नाही केलं. सेटिंगला पासवर्ड आहे, तो माझ्याकडे आहे." मग जरा मऊ आवाजात, "सहा वर्षं राहिलीत तुमची, आशाताई. कशाला डोक्याला ताप?"

तिनं लॅपटॉप मिटला. केळी न घेता निघाली, हे त्या घरातून पहिल्यांदाच.

आता, माणूस कितीही हुशार असला तरी आळस त्याचा घात करतो. परीक्षेचं पत्रक दर वर्षी दिनानाथच काढायचा, आणि काढायचा म्हणजे काय, तर मागच्या वर्षीचं उघडून तारीख बदलायची आणि छापायचं. ते पत्रक आशालताच्याच टेबलावरून जायचं. सोमवारी तिनं त्यावर जावक क्रमांक घातला, शिक्का मारला, आणि कलम चारवर तिची नजर अडली. 'उमेदवारांनी टंकलेखन यंत्र स्वतःचे आणावे.' टायपरायटरच्या काळातलं कलम. तेव्हा लोक खरोखरच खांद्यावर मशीन घेऊन परीक्षेला यायचे. ते काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिनं पत्रकाची एक प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि रोज दोन तास घरी सराव केला.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडले होते. उमेदवार दोनच, आशालता आणि विनिता. खुर्चीवर नवे तरुण साहेब, शेजारी घड्याळ घेऊन दिनानाथ. आशालतानं कॉम्प्युटरचा कीबोर्ड बाजूला सारला आणि पिशवीतून आपली डबी काढून तिला तिचा कीबोर्ड जोडला.

"हे चालणार नाही," दिनानाथ पटकन म्हणाला.

तिनं पत्रक साहेबांपुढे धरलं. साहेबांनी कलम चार वाचलं, दोनदा वाचलं, आणि हसू दाबलं.

"साहेब, यंत्र म्हणजे टायपरायटर अभिप्रेत आहे," दिनानाथ म्हणाला.

"टायपरायटर कुठे लिहिलंय ते दाखवा," आशालता म्हणाली. "पत्रक तुम्हीच तयार केलंय. खाली तुमची सही आहे."

साहेबांना जेवायला जायचं होतं. "बसू द्या हो. नापास झाल्या तर होतील. पडद्यावरच तपासू."

दहा मिनिटांचा उतारा होता, भूसंपादनाचा, लांबलचक जोडाक्षरांनी भरलेला. आशालतानं तो सातव्या मिनिटाला संपवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. पलीकडे विनिता अजून दुसऱ्या ओळीत अक्षर शोधत होती. साहेब उठून आले, उताऱ्याशी ताडून पाहायला लागले. दोन चुका. त्यांनी परत मोजल्या. दोनच.

"दिनानाथ, चांगलं शिकवलंत तुम्ही," साहेब म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "बाई, हे एवढ्यात कधी शिकलात?"

"सत्त्याहत्तर साली," आशालता म्हणाली.

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. विनिता मात्र हसली नाही. तिचे हात बटणांवरच थांबले होते आणि ती त्या छोट्या पडद्याकडे टक लावून बघत होती.

आशालता उठली. "साहेब, विनिताला माझ्या जागेवर बसू द्या. पहिल्यापासून वेळ लावा."

"नियमात स्वतःचे यंत्र म्हटलंय," दिनानाथ म्हणाला. "हे विनिताबाईंचं नाही."

"मग दिलं तिला," आशालता म्हणाली. "आत्ता, तुमच्यासमोर. आजपासून हे तिचं."

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा दिनानाथकडे पाहिलं, आणि या वेळी ते हसले नाहीत. "बसा, विनिताबाई," ते म्हणाले.

विनिता बसली. तिनं बोटं ठेवली, एक ओळ टाइप केली, ती वाचली, आणि हात उचलून मागे वळली.

"दिनानाथ, हे तेव्हाही होतं?"

दिनानाथ घड्याळाकडे बघत राहिला.

"होतं," आशालतानं सांगितलं. "तू टाइप कर."