होजर-अम्माची पट्टी

साल १९६८. नवरोजला नऊ दिवस राहिले होते आणि नवरोजनंतरच्या रविवारी माझ्या थोरल्या बहिणीचं, रिसोलतचं लग्न होतं. उझबेकिस्तानातल्या नुरातामधल्या आमच्या घरी त्या सकाळी सुझनीच्या चार पट्ट्या जोडायच्या होत्या. त्या जोडल्या गेल्या नाहीत.

सुझनी म्हणजे नवरीनं सासरी न्यायचा भिंतभर भरतकामाचा पडदा. आमच्याकडचे माग अरुंद. म्हणून कापडाच्या चार पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडायच्या, चितारणाऱ्या म्हातारीकडून सगळ्यांवर मिळून एकच नक्षी काढून घ्यायची, मग त्या उसवून घरातल्या बायकांत वाटायच्या. ज्या त्या बाईनं आपल्या घरी, आपल्या सवडीनं भरायचं. लग्नाआधी परत जोडायचं. त्यामुळे जुन्या सुझन्यांवर एखादं फूल जोडाच्या अलीकडे लाल आणि पलीकडे तपकिरी दिसतं. हल्ली बाहेरून येणारे पाहुणे त्याला कला म्हणतात. कला कसली, दोन जावांचं पटत नसायचं, एवढंच.

आमच्या पट्ट्या दोन वर्षांपूर्वी वाटल्या होत्या. पहिली ओयीकडे, म्हणजे आमच्या आईकडे. दुसरी खुद्द नवरीकडे. चौथी माझ्याकडे आणि कुमरी वहिनीकडे मिळून. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझे टाके कुमरी गुपचूप उसवून पुन्हा घालायची. तिसरी होजर-अम्माकडे. बापाच्या बहिणीला आम्ही अम्मा म्हणतो. ओयीला ती पट्टी तिला द्यायची नव्हती, पण वडील म्हणाले, "माझ्या बहिणीचा हात लागला नाही तर गल्लीत काय बोलतील?" गल्लीत काय बोलतील याची वडिलांना फार काळजी असे. ते स्वतः गल्लीत बसून तेच काम करायचे.

होजर-अम्मासारखी आळशी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही, आणि मी पुष्कळ पाहिल्या. तिच्या अंगणात झाडू असा पडलेला असे की वाटावं, झाडणारी आत्ता पाणी प्यायला गेलीय. तो तिथं दोन-दोन दिवस असे. सून नाही, लेक नाही, तरी तिच्या घरी चहा तयार असे, कारण येणारा माणूसच तो करी. कसा करी, ते त्यालाही नंतर कळत नसे.

ओयी दर महिन्याला पट्टी बघायला जायची. अम्मा गुंडाळी पुढे करायची, वरच्या घडीवर एक फूल नीट भरलेलं. "चाललंय, केलिन," ती म्हणायची. केलिन म्हणजे सून. ओयीला तीन लेकरं झाली तरी अम्मासाठी ती केलिनच. ओयी ते फूल बघून परत यायची. दोन वर्षं तेच फूल बघत होती हे तिच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असावं, पण नणंदेची गुंडाळी सोडून बघायची म्हणजे भांडणच.

त्या सकाळी ती गुंडाळी सोडली. वर दीड फूल. खाली शाईची नक्षी, कोरी, अगदी टोकापर्यंत.

ओयी नणंदेला ओपा, म्हणजे ताई, म्हणायची. "होजर-ओपा, हे काय आहे?"

अम्मा उशीला टेकली होती. "सुझनी पुरी करायची नसते, ठाऊक आहे ना? एक पान मोकळं सोडायचं. काम संपलं की आयुष्य संपतं. तुझ्या लेकीला मी दीर्घायुष्य दिलंय."

"एक पान सोडतात, ओपा. तुम्ही बाग सोडलीत."

"मग किती जगेल बघ."

कुमरी तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबून बाहेर पळाली. मीही गेले असते, पण रिसोलतचा चेहरा दिसला आणि थांबले.

रिसोलतचं सगळं त्या कापडावर अडकलं होतं. मुलगा तुरोब, भट्टीची नान पोचवायची गाडी चालवायचा. दोन वर्षं आमच्या घरी दुकानातल्यापेक्षा गरम नान येत होते आणि कोणी विचारलं नव्हतं का. तुरोब चांगला होता. त्याची आई बीबीसोरा ही अख्ख्या नुरातात भरतकामात पहिली, आणि जिभेतही. थोरल्या मुलाची ठरलेली सोयरीक तिनं मोडली होती, मुलीनं भरलेल्या उशीच्या किनारीत तीन टाके उलटे निघाले म्हणून. ती मुलगी पुढे बुखाऱ्याला गेली आणि सुखात राहिली, पण त्या वेळी तिची आई महिनाभर विहिरीवर गेली नव्हती. आता बीबीसोरा नवरोजच्या दिवशी आमच्याकडे सुझनी बघायला यायची होती. तिचा थोरला मुलगा अजून बिनलग्नाचा होता, तेव्हा दुसऱ्याचंही राहिलं तर तिला नवीन काही वाटलं नसतं.

"मी त्याच्याबरोबर पळून जाते," रिसोलत म्हणाली.

"नानच्या गाडीतून?" अम्मा म्हणाली. "सगळ्या गावात थांबत थांबत?"

ओयीनं हशर बोलावला. हशर म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं. घर बांधताना करतात, कालवा उपसताना करतात. पट्टीसाठी कोणी बोलावल्याचं मला आठवत नाही. आठ बायका आल्या. पट्टी हातभर रुंद, म्हणून चार इकडून, चार तिकडून, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि कापड मांड्यांवर ताणलं. जणू आठ जणी एकच लांबडं बाळ मांडीवर घेऊन बसल्यात.

दुसऱ्या दिवशी ओयीचा डाळिंबी रेशमाचा दोरा संपला. ज्या त्या बाईनं घरून आपला लाल आणला. सात प्रकारचे लाल निघाले. एकीचा लाल जांभळा होता. ती म्हणाली उन्हात बघा. उन्हातही जांभळाच होता. हिशेबनिसाच्या बायकोला दृष्टीची भीती फार, म्हणून तिनं नक्षीत नसलेल्या चार मिरच्या भरल्या. तिच्या समोरचीनं मिरच्यांना शोभेल म्हणून किटली भरली. एकीचे टाके डावीकडे झुकायचे, तिच्या शेजारणीचे उजवीकडे, आणि दोघी आपापल्या आईचं नाव घेऊन भांडायच्या.

"आमच्या घराण्यात असंच घालतात."

"म्हणून तुमच्या घराण्यात भिंतीला चुना लावून ठेवतात, पडदा लावत नाहीत."

होजर-अम्मा रोज यायची. पट्टी तिची होती, म्हणून देखरेख करायला हवी, म्हणाली. तिनं आठ दिवसांत सुईत दोरा ओवला नाही. पण एकीची पाठ दुखायला लागली की अम्मा तिला गोष्ट सांगायची, दुसरी उठायला लागली की तिची इतकी स्तुती करायची की ती परत बसायची. माझ्याकडून तिनं पाय दाबून घेतले आणि मला वाटलं, मीच ते सुचवलं.

त्या वर्षी आमच्या गल्लीत नवरोजचा सुमलक, म्हणजे गव्हाच्या अंकुरांची खीर, शिजलाच नाही. गव्हाचे अंकुर ताटांत वाढले, पिवळे पडले, शेवटी कोंबड्यांना घातले. पुरुष रोज विचारायचे, यंदा खीर नाही का? बायका मान वर न करता म्हणायच्या, तुम्ही शिजवा.

नवरोजच्या आदल्या दिवशी दुपारी वीतभर जागा राहिली होती. जोडावरचं मोठं फूल, अर्धं रिसोलतच्या पट्टीवर, अर्धं या पट्टीवर. संध्याकाळपर्यंत होईल असं ओयी म्हणत होती, तेवढ्यात दारात बीबीसोरा उभी. हातात झाकलेला वाडगा. तिच्या घरी सुमलक वेळेवर झाला होता.

"उद्या गर्दी असेल, म्हटलं आजच जाऊन यावं," ती म्हणाली.

असं काही नव्हतं. ती मुद्दाम आली होती, हे सगळ्यांना कळलं. पट्टी लपवायला आठ मांड्यांवरून उचलावी लागली असती. रिसोलत कात्री हातात धरून भिंतीशी उभी राहिली.

बीबीसोरानं वाडगा ठेवला आणि वाकून पट्टी बघितली, डॉक्टर जीभ बघतो तशी. मिरच्या बघितल्या. किटली बघितली. जांभळ्या लालपाशी बराच वेळ थांबली.

"हे कोणी केलं?"

आठही बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"या, कुदा, बसा," होजर-अम्मा उशीवरून म्हणाली. विहिणीला आम्ही कुदा म्हणतो. लग्न अजून व्हायचं होतं, पण अम्मा असल्या गोष्टींसाठी थांबायची नाही. "तुमच्यासाठीच जागा ठेवलीय."

"कसली जागा?"

"हे मोठं फूल. मी या पोरींना म्हटलं, हात लावू नका, हे तुम्हाला जमणार नाही. नुरातात एकीलाच जमायचं." मग उसासा टाकून, "पण राहू दे. आता डोळे तसे राहिले नसतील. वय कोणाला सोडतंय?"

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही. कुमरी, कुदांना उजेडात उशी दे. नुसतं टेकायला."

बीबीसोरा टेकली नाही. तिनं हिशेबनिसाच्या बायकोला कोपरानं सरकवलं, तिच्या हातातली सुई घेतली, पुढे उजेडाकडे धरली आणि बसली. आधी तिनं शेजारचं एक पान उसवलं. मग दुसरं. मग जांभळ्या लालवालीला म्हणाली, "हा दोरा घरी घेऊन जा आणि त्यानं गाढव बांध." मग फूल भरायला लागली. तिचा हात चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. सुई आत जायची ती दिसायची, बाहेर यायची ती दिसायची नाही.

दुपार गेली. चहा झाला, कोणी केला कोण जाणे. बीबीसोरानं शेवटची गाठ मारली, कापड जरा लांब धरलं, आणि मग तिला कळलं. तिनं हळूच मान वळवून अम्माकडे बघितलं.

"होजर, तू मला बसवलंस."

"तुम्ही बसलात."

बीबीसोरा उठली आणि रिसोलतच्या हातून कात्री घेतली. ओयीनं डोळे मिटले.

"तुझी पट्टी कुठली?" बीबीसोरानं रिसोलतला विचारलं.

रिसोलतनं दुसरी पट्टी उलगडली. नीटनेटकी होती, बाकी काही नाही. बीबीसोरा मागची बाजू उलटून बघायला लागली, आणि रिसोलत, जी आठ दिवस धड एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगते. मला भरतकाम आवडत नाही. कधीच आवडलं नाही. तुरोब मला आवडतो."

कुमरी माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढत होती की वण पुढे आठवडाभर राहिला.

बीबीसोरा त्या पट्टीची मागची बाजू बघतच राहिली. मग म्हणाली, "मलाही आवडत नाही. चाळीस वर्षं करतेय. कोणी विचारलं नाही." तिनं आपल्या फुलाचा लोंबता दोरा कापला आणि कात्री ओयीला दिली. "शिवा एकत्र. आणि वाडग्यातलं खा, मी काय परत नेणार नाही."

लग्नात सुझनी भिंतीवर लागली. तिसरी पट्टी बाकीच्या तिघींत अशी दिसत होती की जणू तीन शिक्षिकांच्या मध्ये कोणी जत्रेतली बाई उभी केलीय. समरकंदहून आलेल्या एका पाहुणीनं किटलीकडे बोट दाखवून हसून काही म्हटलं. बीबीसोरा तिला म्हणाली, "ती पट्टी आम्ही भरलीय. तुमच्याकडे काय भरतात?" पाहुणी जेवणाकडे वळली.

हे सगळं जवळजवळ साठ वर्षांपूर्वीचं.

ओयी ब्याऐंशीच्या हिवाळ्यात गेली, शेवटपर्यंत म्हणत, की नणंदेची गुंडाळी सोडून बघायला हवी होती. वडील तिच्याआधी दोन वर्षं गेले, गल्लीत बाकावर बसले असतानाच.

बीबीसोरानं लग्नानंतर वर्षभरात भरतकाम सोडलं. लोक म्हणाले डोळे गेले. डोळे काही गेले नव्हते. ती भट्टीच्या हिशेबाला बसायला लागली आणि तिथल्या पुरुषांना सळो की पळो करून सोडलं. तिच्या थोरल्या मुलाचं लग्न तिनं त्याच्या पंचेचाळिसाव्या वर्षी होऊ दिलं, एका विधवेशी, जिला सुई धरता येत नव्हती.

होजर-अम्मा एक्याण्णव वर्षं जगली. शेवटची दहा वर्षं तिनं अंथरुणावर काढली, आजारी नव्हती, तिला आवडायचं. सांभाळायला गल्ली होती.

कुमरी वहिनी नवोई शहरात मुलाकडे राहते, फोनवर अजून तशीच हसते. मी चितारायचं काम शिकले, चाळीस वर्षं कापडांवर नक्ष्या काढल्या आणि भरायला दुसऱ्या बायकांना दिल्या. आता हात थरथरतो.

तुरोब दोन हजार चौदा साली गेला. रिसोलतनं लग्नानंतर सुई हातात धरली नाही. बटण तुटलं तर तुरोब लावायचा. तिच्या घरातले सगळे पडदे कारखान्यातले, मोठ्या गुलाबांचे, आणि ते तिला फार आवडतात. मागच्या महिन्यात गेले तेव्हा नवे आणले होते, म्हणाली, बघ, जोड कुठंच दिसत नाही.