भरकटलेला बाण

बाळांनो, समजा दिवस नुकताच मावळलाय आणि तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे आहात. साकोलीजवळच्या शेतात कामिनी तशीच उभी होती. शेजारी तिनं आनंदाआजीलाही चढवलं होतं. पाच मिनिटांत अंतराळस्थानक आभाळातून सरकत जाणार होतं आणि आजी उद्या सकाळीच गावी परतणार होती. पण ते कुठल्या दिशेला दिसेल हे दाखवणारा मोबाईलमधल्या अॅपचा बाण कधी तलावाकडे, कधी गोठ्याकडे फिरत होता.

“काय वो, तुया मोबाईलले भोवळ आली का?” आजी हसली.

कामिनीला मात्र हसू येईना. दोनच मिनिटं उरली होती.

“बाबा, हा असा काहून करून राहिला?”

“ट्रॉली लोखंडाची हाये ना! लोखंडापाशी मोबाईलमधलं होकायंत्र भरकटते,” बाबा खालून म्हणाले.

कामिनीनं टुणकन उडी मारली, आजीला हात देऊन उतरवलं आणि धानाच्या बांधावरून तिला ओढतच दूर नेलं. तिथं बाण एका जागी स्थिरावला आणि त्याच्या टोकाच्या दिशेला सरकणारा तेजस्वी ठिपका दोघींना दिसला.